गाळ उपसण्याआधी तीन मीटरच्या दोन नळ्या

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तळ्यांतला गाळ काढण्याचे, सड्यांवर (जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर) झाडे लावण्याचे आणि त्यातून कार्बन मोजण्याचे निर्णय घेणारे अधिकारी, समित्या, ग्रामपंचायती आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या कंपन्या

विषय: तळी रिकामी करण्याआधी आणि सड्यांवर खड्डे घेण्याआधी गाळाचा नमुना राखून ठेवण्याबाबत

सविनय नमस्कार.

मार्च लागला की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत तलावांत पोकलेन उतरतात. मृग लागायच्या आत गाळ निघाला पाहिजे आणि ट्रॉल्या रानात रिकाम्या झाल्या पाहिजेत, ही घाई आम्हाला समजते. तलाव खोल होतो, मुरमाड रानाला काळी माती मिळते. याला विरोध करणारा माणूस दुष्काळी तालुक्यांत सापडणार नाही, आणि आम्हीही तो करत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने या कामाला निधी आणि पद्धत दिली, हेही मान्य. आमचे म्हणणे त्या गाळातल्या फक्त दोन नळ्यांपुरते आहे. प्रत्येकी साडेसात सेंटिमीटर व्यासाची, तीन मीटर लांबीची. त्या आधी काढून ठेवा, उरलेले हजारो ब्रास खुशाल न्या.

गावतलावांची गोष्ट एवढ्यावर मिटते. पण तेच मशीन सड्यांवरच्या नैसर्गिक खळग्यांत उतरते, कधी वन्यप्राण्यांसाठी पाणवठा म्हणून, कधी पर्यटकांसाठी बारमाही तळे म्हणून, तेव्हा दोन नळ्यांनी भागत नाही. तिथे मशीन उतरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठी हे पत्र. ते जाहीर लिहितो आहोत, कारण ही तळी गावांची आहेत आणि गावांनीही ते वाचायला हवे.

आम्ही गाळातले परागकण मोजणारे लोक आहोत. आमचा यात स्वार्थ आहेच: गाळ गेला की आमचे काम संपले. पण त्या गाळाबरोबर या डोंगरांवर पूर्वी काय उगवत होते याचा पुरावाही जातो, आणि तो पुरावा नसताना ‘इथे जंगल होते, ते परत लावू’ असे म्हणणे हा अंदाज ठरतो. अंदाजावर कार्बनचे (झाडे हवेतला किती कार्बन साठवतील याचे) हिशेब मांडले जात आहेत, ही आमची मूळ तक्रार.

आधी थोडे गाळाबद्दल. फुलातून उडालेल्या परागकणांपैकी फार थोडे बीजधारणेपर्यंत पोहोचतात; बाकीचे जमिनीवर आणि पाण्यावर पडतात. कणाचा आतला जिवंत भाग लवकर कुजतो. बाहेरचे कवच मात्र स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. प्रयोगशाळेतली जहाल आम्ले त्याला फारशी बाधत नाहीत. त्याला संपवतात ते हवा, बुरशी आणि वारंवार ओले-कोरडे होणे. म्हणून हवा न लागणाऱ्या चिखलात तो हजारो वर्षे शाबूत राहतो. आकार बहुधा १० ते १०० मायक्रॉन. कवचावरची छिद्रे, चिरा, काटे, जाळी यांवरून कूळ ओळखता येते, कधी प्रजातीही. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये थराथरातल्या परागकणांची टक्केवारी आलेखावर मांडून दाखवली, तेव्हापासून हे शास्त्र उभे आहे. आजची जमीन कुणाच्या नावावर हे सातबारा सांगतो. ती तिथवर कशी आली ते फेरफार सांगतात. डोंगराचे फेरफार गाळात असतात.

आणि ते या जिल्ह्यात वाचलेही गेले आहेत. कासच्या पठारावरच्या एका हंगामी तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्राबरोबर तपासला. सुमारे ८,६०० वर्षांपूर्वी मान्सून कोरड्याकडे झुकल्याची आणि सुमारे २,८०० वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा घटल्याची चिन्हे त्यात मिळाली. जांभ्याच्या खळग्यातला तो चिखल. पावसाळ्यात त्यात पाणी, उन्हाळ्यात गुरांचे खूर. त्याकडे पाहून कुणालाही वाटावे की हे साफ करायला हवे.

पहिली तक्रार याच ‘साफ करण्या’ची आहे. सड्यावरच्या खळग्यात वर्षाला अर्धा मिलिमीटर गाळ साचत असेल, तर एक मीटर म्हणजे दोन हजार वर्षे. पोकलेनची बादली ती एका घासात वर आणते आणि काठावर ओतते. त्या ढिगात परागकण असतात, पण क्रम नसतो. आणि क्रम नसेल तर त्यातून काहीही वाचता येत नाही. वह्यांची पाने फाडून पोत्यात भरल्यासारखे. शिवाय खळगा खोल केला की उरलेल्या कडा ढासळून मध्ये येतात, उघड्या पडलेल्या थरांना हवा लागते आणि बादली जिथे पोहोचली नाही तिथलेही कवच एक-दोन उन्हाळ्यांत खराब होऊ लागते. म्हणजे ‘अर्धे तळे ठेवले आहे’ हे उत्तर चालत नाही.

गावतलावांचा गाळ तुलनेने तरुण असतो, म्हणून तो बिनकामाचा, असे मात्र समजू नये. राजेवाडी, मायणी यांसारखे ब्रिटिश काळातले तलाव आमच्या दृष्टीने मापाची पट्टी आहेत. त्यांच्या पाणलोटातल्या गावांच्या पीकपाहणीच्या नोंदी दप्तरात आहेत: कोणत्या साली किती ज्वारी, किती बाजरी, किती गायरान. त्याच वर्षांचा गाळ शिसे-२१० (हवेतून पडणारे किरणोत्सारी शिसे) वापरून ओळखता येतो. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे २२ वर्षे असल्याने गेली शंभर-सव्वाशे वर्षे त्यात नीट बसतात. अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम-१३७चे शिखर सापडले की तो १९६३च्या आसपासचा थर. काँग्रेस गवताची पुण्यातली नोंद १९५६ची. त्याचे परागकण दिसू लागले की आपण त्यानंतरच्या गाळात आहोत. दप्तरातले एकर आणि गाळातले कण समोरासमोर ठेवले की ‘इतके कण म्हणजे इतके रान’ हे गुणोत्तर इथल्या मातीसाठी काढता येते. ही पट्टी एकदा मोडली की पुन्हा तयार व्हायला शंभर वर्षे लागतील. सरकारी दप्तर जपायचे आणि त्याची जोडनोंद ट्रॉलीत भरायची, यात कुठला व्यवहार आहे?

दुसरी तक्रार एका शब्दाबद्दल आहे: पडीक. सडे, माळ, गायराने यांची नोंद पडीक किंवा पोटखराबा अशी होते, आणि पडीक म्हटले की त्यावर काहीतरी ‘केले’ पाहिजे असे वाटू लागते. २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटचे (पर्यावरणाच्या कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांचे) नियम आणले. फेब्रुवारी २०२४च्या पद्धतीत लागवडीसाठी हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती आणि लावण्याच्या जागांत झुडपी व पडीक जमीनही होती. कागदावर हे सोपे दिसते. चाळकेवाडीच्या किंवा झोळंबीच्या सड्यावर उभे राहून पाहा: बोटभर ते वीतभर माती, खाली जांभ्याचे कवच. रोप पहिला पावसाळा तग धरते आणि मुळे कवचाला टेकली की मार्चमध्ये वाळते. मग पुढच्या वर्षी ‘मर झालेली रोपे बदलणे’ या शीर्षाखाली तोच खड्डा. खड्ड्यासाठी कवच फोडले की त्या भागात पावसाळ्यात साचणारा पाण्याचा पातळ थर निचरून जातो आणि त्याच थरावर जगणारी सड्यावरची फुले जातात. एकीकडे कासला जागतिक वारसा म्हणून पाटी लावायची, दुसरीकडे त्याच प्रकारच्या जमिनीला पोटखराबा म्हणायचे.

हे माळ तोडलेल्या जंगलाचे अवशेष आहेत असे गृहीत धरले जाते. काही तसे असतीलही. पण सगळे नाहीत, याचे पुरावे आहेत. निलगिरीतल्या दलदलीच्या पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या) थरांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने दाखवले की तिथे गेल्या वीस हजार वर्षांत गवत आणि जंगल हवामानाप्रमाणे मागेपुढे सरकत राहिले. कारवारसमोरच्या समुद्रतळाच्या गाळात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून हवामान कोरडे होऊन रान विरळ होत गेल्याची नोंद आहे. आपल्या बाजूच्या माळरानांबद्दल तर पुरावा मराठीतच आहे: जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख जमवून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातली माळराने किमान साडेसातशे वर्षे माळरानेच आहेत. ऊस, कालवे आणि वखारी येण्याच्या फार आधीपासून.

तिसरी तक्रार कार्बनच्या हिशेबाची, आणि इथे थोडे थांबावे लागेल.

लागवडीच्या प्रस्तावात सुरुवातीची बाजू बहुधा अशी मांडलेली असते: झाडे नाहीत, म्हणजे कार्बन नाही. गवताळ जमिनीचा कार्बन वर दिसत नाही, तो मुळांत आणि मातीत असतो. साधा हिशेब करू. समजा माती ३० सेंटिमीटर आहे, घनता घनमीटरला १.१ टन आणि सेंद्रिय कार्बन २ टक्के. एका हेक्टरवर ३,००० घनमीटर माती, ३,३०० टन, त्यात ६६ टन कार्बन. आता त्यावर १,१०० झाडे लावली, सगळी जगली असे उदारपणे धरले आणि काही वर्षांनी प्रत्येकाचे कोरडे वजन २० किलो झाले: एकूण २२ टन, त्याच्या ०.४७ पट कार्बन, म्हणजे सुमारे १०.३ टन. खड्डे, चर आणि मशीनच्या फेऱ्यांनी मातीतल्या कार्बनचा फक्त सहावा भाग हवेत गेला, तरी ११ टन गेले. झाडे जगूनही हिशेब तोट्यात. आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक जागेचे वेगळे येतील. पण ते मोजल्याशिवाय आरंभीच्या रकान्यात शून्य लिहिण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मग परागकणांचा इथे काय उपयोग? दोन गोष्टी त्यातून मिळतात: पूर्वी कोणत्या प्रकारचे रान किती होते, आणि त्यावरून तेव्हा वर किती कार्बन उभा होता. रीत साधारण अशी. थरातले कण मोजायचे. प्रत्येक जातीची पराग तयार करण्याची क्षमता आणि कण खाली बसण्याचा वेग वेगळा, म्हणून नुसती टक्केवारी त्या मापाने दुरुस्त करायची. त्यातून झाडोऱ्याचे खरे प्रमाण येते. त्या प्रत्येक प्रकाराच्या आजच्या रानात मोजलेले हेक्टरी जैवभार घ्यायचे, प्रमाणाने गुणायचे, कार्बन काढायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये हवा असेल तर ३.६७ने गुणायचे. मातीचा कार्बन वेगळा, तो गाळातून आणि मातीच्या खड्ड्यांतून.

ऐकायला सरळ, पण सह्याद्रीत ती रीत कुठे फसते हे माहीत नसेल तर आमच्याच आकड्यांनी तुमची फसगत होईल, म्हणून तेही लिहितो. महाबळेश्वरचे सदाहरित रान अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे. यातल्या पिसाच्या कुळाच्या परागकणांचे कवच इतके पातळ की ते गाळात जवळजवळ टिकतच नाहीत. म्हणजे रानातला एक मुख्य वृक्ष आलेखावर शून्य. अंजनीचा कण आणि हिरडा, ऐन यांच्या कुळातला कण सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की बहुतेक जण ते एकाच रकान्यात मोजतात. आता एक सदाहरित रानातला आणि दुसरा पानगळीच्या रानातला. जांभळाचा त्रिकोणी कण आणि निलगिरीच्या झाडाचा कण एकाच कुळाचे. वरच्या थरांत ‘जांभूळ वाढले’ असे वाटले तर आधी शेजारची लागवड तपासावी. आणि गवते सगळी एकसारखी: गोल कण, एकच कडीदार छिद्र. ज्वारीसारख्या धान्याचा कण मोठा, साधारण ४० मायक्रॉनच्या वर, म्हणून तेवढा वेगळा काढता येतो. ऊस मात्र गवतातच जातो. आजपासून हजार वर्षांनी कुणी कृष्णाकाठचा गाळ पाहिला तर कराडपासून सांगलीपर्यंत अफाट माळरान होते असा निष्कर्ष तो काढील, आणि कार्बनचे समस्थानिकही (कार्बनचे हलके-जड प्रकार) त्याला दुजोरा देतील.

ते समस्थानिक असे: वृक्ष आणि झुडपांचा कार्बन-१३ (जड कार्बन) ठरलेल्या मानकाच्या तुलनेत साधारण उणे २७ प्रति हजार, उन्हाळी गवते, ज्वारी आणि ऊस यांचा उणे १३च्या आसपास. पिसासारखी गायब झाडे परागकणांत दिसत नसली तरी या आकड्यात त्यांची सावली दिसते. म्हणून एकट्या परागकणांवर विसंबू नये. त्याच्या जोडीला समस्थानिक, गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण, कोळशाचे कण (आगीसाठी) आणि शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू (चराईसाठी) मोजावे लागतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि त्या साली रान तिच्या परागाने भरून जाते, म्हणून मोजणी बिघडेल अशी शंका लोक घेतात. एका सेंटिमीटर गाळात दहा-वीस वर्षे मिसळलेली असतात, त्यामुळे ती उसळी आपोआप सपाट होते.

कार्बन मोजण्यातला आणखी एक घोटाळा सांगलीकडच्या काळ्या गाळात नेहमी होतो. वाळवलेला गाळ भट्टीत ५५० अंशांना चार तास जाळायचा आणि घटलेले वजन म्हणजे सेंद्रिय भाग, ही सोपी चाचणी. पण काळ्या चिकणमातीच्या स्फटिकात अडकलेले पाणीही त्याच तापमानाला निघून जाते आणि सेंद्रिय भाग फुगलेला दिसतो. काळ्या गाळासाठी कार्बन थेट मोजणारे यंत्रच वापरा, आणि चुनखडी असेल तर आधी सौम्य आम्लाने ती काढा. नाहीतर चुन्यातला कार्बन झाडापाल्याच्या नावावर चढतो.

चौथी तक्रार छोटी. ‘नमुना ठेवला आहे’ असे सांगून बादलीभर गाळ पोत्यात भरून दिला जातो. हेतू चांगला असतो. उपयोग नसतो.

आता मागण्या.

सड्यांवरच्या आणि देवरायांतल्या नैसर्गिक खळग्यांची यादी दोन्ही जिल्ह्यांत तालुकावार करा: जागा, व्यास, पाणी किती महिने, चिखल किती खोल. चिखलाची खोली टोकदार सळई घालून अर्ध्या तासात कळते. यादीतल्या कुठल्याही खळग्यात खोदकामाची परवानगी देऊ नका. पाणवठा हवाच असेल तर तो शेजारी, नव्या जागी करा.

गावतलावात मशीन उतरण्याआधी दोन नळ्या घ्या: एक सर्वांत खोल भागातून, एक बांधापासून दूर, ओढ्याच्या तोंडाजवळ नसलेल्या बाजूने. ओढ्याच्या तोंडाशी वाळूचे थर येतात आणि पुरात सगळे हलते. साधन महाग नाही. ७५ मिलिमीटरचा जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप, खालची कड बाहेरून तासून धारदार केलेली. वर लाकडी ठोकळा ठेवून घणाने ठोकायचा. ठोकताना बाहेरची आणि आतली पातळी दोन्ही मोजायच्या. पाइप दोन मीटर आत गेला आणि आत १.७ मीटरच गाळ भरला, तर गाळ १५ टक्के दबला आहे. हा आकडा लिहून ठेवला नाही तर पुढे सगळ्या खोल्या चुकतात. मग पाइप काठोकाठ पाण्याने भरून बूच घट्ट लावायचे, म्हणजे ओढताना तळचा गाळ निसटत नाही. तिपाई आणि चेन पुलीने सरळ वर ओढायचा, हलवून नाही. वरची दिशा बाणाने पाइपवरच लिहा, झाकणावर नको. झाकणे अदलाबदल होतात. पहिला दिवस नळी उभी ठेवा, कारण वरचा पातळ चिखल आडवा केला की वाहतो. नंतर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ४ अंशांवर ठेवा. डीप फ्रीझरमध्ये नको, बर्फाने थर फुटतात. खोलीत तशीच पडली तर बुरशी येते आणि आजचा कार्बन कालच्या थरात शिरतो.

तळे सुकून कडक झाले असेल तर पाइप जात नाही. तिथे मीटरभर लांब-रुंद खड्डा घ्या, एक भिंत थापीने नीट तासा आणि दर दोन सेंटिमीटरला नमुना घ्या. खालून वर या. वरून खाली गेलात की वरची माती खालच्या पिशवीत पडते. प्रत्येक नमुन्यागणिक चाकू स्वच्छ पाण्याने धुवून पुसा. भेगाळलेला पट्टा टाळा: काळ्या मातीत उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगा पडतात आणि यंदाचा पराग सरळ त्यातून खाली जातो. थराचे वय काढण्यासाठी शक्यतो बिया, काडी, कोळशाचा तुकडा द्या, नुसता गाळ नको. जत-आटपाडीकडे चुनखडीमुळे गाळाची रेडिओकार्बन तारीख खऱ्यापेक्षा जुनी येऊ शकते. तीन मीटरला किमान सहा तारखा हव्यात. दोन तारखांमध्ये सरळ रेघ ओढून केलेले हिशेब आम्ही स्वतः मान्य करत नाही.

तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हसवडकडे पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. या पट्ट्यात शंभर ठिकाणी आजचे शेवाळ आणि वरचा सेंटिमीटरभर गाळ गोळा करा आणि तिथेच कोणती झाडे किती आहेत ते मोजा. आजच्या रानाचा आणि आजच्या परागाचा संबंध इथल्या झाडांसाठी कळला नाही, तर युरोपातली गुणोत्तरे उसनी घ्यावी लागतात. ओक आणि बर्चची मापे अंजनीला लागू होत नाहीत. लहान खळगा शे-पाचशे मीटर परिसराची गोष्ट सांगतो, मोठे तळे कित्येक किलोमीटरची. साताऱ्यात मोठे नैसर्गिक तळे नाही, म्हणून अनेक लहान खळगे एकत्र वाचावे लागणार. एक खळगा गेला की त्या जुळणीतला एक भाग गेला.

चौथी: लागवडीच्या प्रत्येक प्रस्तावाला आधीच्या मातीच्या कार्बनची मोजणी जोडा, निदान एक मीटर किंवा खडक लागेपर्यंत, घनतेसह. ती सार्वजनिक करा. जिथे परागकणांवरून जंगल होते आणि ते माणसाने तोडले असे दिसेल, तिथे झाडे लावायला आम्ही स्वतः येऊ. जिथे गवतच होते, तिथे गवत राहू द्या आणि त्याचाही कार्बन मोजा.

पाचवी: प्रत्येक नळी उभी चिरून अर्धी तपासणीला आणि अर्धी साठवणीत ठेवा. साठवण शिवाजी विद्यापीठात करा किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात, पण विजेची खात्री असलेल्या शीतकक्षात. कोयना परिसरात गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले आणि त्या कामासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तीन किलोमीटरची व्यवस्था जिथे झाली, तिथे तीन मीटरची अवघड नाही.

एक इशारा मात्र हवाच, कारण उत्साहात अपघात होतात. नळी काढणे, चिरणे, वाळवणे, चाळणे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे हे महाविद्यालयीन मुले उत्तम करतील. प्रत्येक नमुन्यातून एक घनसेंटिमीटर गाळ, त्यात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या मोजलेल्या बीजाणूंची एक गोळी, दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गरम पाण्यावर दहा टक्के कॉस्टिक पोटॅश, १५० मायक्रॉनची चाळणी: इथपर्यंत हातमोजे, चष्मा आणि एक शहाणे शिक्षक पुरेत. गोळीचा हिशेब असा: गोळीत १०,००० बीजाणू असतील आणि ३०० परागकण मोजताना त्यातले १५० दिसले, तर त्या घनसेंटिमीटरमध्ये २०,००० परागकण होते. नुसत्या टक्केवारीत गवत वाढले की झाडे आपोआप कमी दिसतात, एकही झाड न पडता. गोळीमुळे ती चूक पकडता येते. पण वाळूचे कण विरघळवण्याचे हायड्रोफ्लोरिक आम्ल महाविद्यालयात नको. ते त्वचेतून हाडापर्यंत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आणि वाफा ओढून घेणारे चालू कपाट (फ्यूम हूड) असल्याशिवाय बाटली उघडू नये. पुढची पायरी, नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल, तिच्यात पाण्याचा थेंब गेला तरी ती उसळते. म्हणून आधी नमुना ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुऊन पाणी पूर्ण काढावे लागते. या दोन पायऱ्या पुण्याला किंवा लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी होऊ द्या. ते जमणारच नसेल तर जड द्रवात परागकण तरंगवून वेगळे करण्याची रीत आहे. वेळ जास्त लागतो, बोटे शाबूत राहतात.

सड्यांवरची यादी येत्या फेब्रुवारीअखेर व्हावी, कारण मार्चमध्ये मशीन बाहेर पडतात. यादी करायला, नळ्या ठोकायला आणि मुलांना शिकवायला माणसे आम्ही देऊ. एका तलावाला चार माणसे आणि एक दिवस लागतो. मशीन उतरण्याच्या आठ दिवस आधी कळवा.

आपले,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गाळ व परागकणांचे अभ्यासक